भोवती फिरता येईल असं झाड

सोबी, ११ नोव्हेंबर १९८४

प्रिय आयनार,

फोन करायचा सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू पुटपुटतोस. माझा डावा कान गेलेला आहे आणि उजव्या कानाला फक्त माझंच बोलणं ऐकू येतं, असं तुझा भाऊ होल्गर म्हणायचा. तेव्हा उत्तरही लिहूनच दे.

काल मॉर्टेनची संध्याकाळ होती, बदक भाजून खायचा सण. फ्लेमिंग, सूनबाई युट्टे आणि सिग्ने, यॅप्पे ही दोन्ही नातवंडं ओडेन्सहून आली होती. बदक छान भाजलं गेलं, बटाटेही साखरेत नीट घोळले गेले. होल्गर गेल्यानंतरचं हे पहिलंच सणाचं जेवण, म्हणून मी जीव ओतून केलं होतं. कॉफी झाल्यावर फ्लेमिंगने खिशातून कागद काढला. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट बांधले आहेत. एक खोली, एक गॅलरी, खाली नर्स. दोन जानेवारीपर्यंत सही करून कळवायचं आणि हे घर विकायचं. मी म्हटलं, मी सदुसष्ट वर्षांची आहे, सत्त्याण्णवची नाही. तो म्हणाला, "आई, हट्ट करू नकोस. बाबांशिवाय तुला नाताळचं झाड तरी उभं करता येईल का?"

हे मला लागलं, आयनार. लागलं कारण खरं आहे. चाळीस वर्षांत मी झाडाला हात लावलेला नाही. आपल्याकडे झाड आणायचं ते घरच्या पुरुषाने, हे तुलाही माहीत आहे. पण होल्गरचं त्यातही वेगळंच. बावीस तारखेला तो बैठकीच्या खोलीला कुलूप लावायचा, किल्ली खिशात. पोरांनाच काय, मलाही आत प्रवेश नाही. चोवीसच्या संध्याकाळी दार उघडायचं, आणि सगळ्या सोबीत नसेल असं झाड खोलीच्या मधोमध उभं असायचं. कुठून बघावं तिथून सारखं, कुठे उणं नाही. तसं झाड हुडकायची नजर माझ्याकडे नाही.

तरीही मी सगळ्यांसमोर बोलून गेले. म्हटलं, यंदाचा नाताळ याच घरात. झाड मी एकटी निवडीन, एकटी आणीन, एकटी उभं करीन. चोवीसला तुम्ही सगळे रीतीप्रमाणे हात धरून, गाणी म्हणत त्याच्याभोवती फिरलात, की फ्लॅटचं नाव पुन्हा काढायचं नाही. आणि मला जमलं नाही, तर मी गुपचूप सही करीन. फ्लेमिंग हसून 'ठीक' म्हणाला. त्याच्या त्या हसण्यामुळे रात्रभर डोळा लागला नाही.

म्हणून विचारते. तीस वर्षं तू झाडं लावतोस आणि विकतोस. फरची कुठली जात घेऊ?

तुझी वहिनी,
गुडरुन


स्वानिंगे, १७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून शाळामास्तरणीसारखंच आहे, वाचताना पाठ आपोआप ताठ होते.

जात कुठली, हे सांगणं सोपं नाही. नॉर्डमन म्हणशील तर सध्या सगळे तिच्याच मागे आहेत. फांद्या आडव्या आणि दणकट, मेणबत्ती सरळ उभी राहते, सुया महिनाभर गळत नाहीत. पण घेर मोठा आणि वास जवळजवळ नाहीच. नोबिलिस निळसर असते, दिसायला राजेशाही, वजनाला गाढवाचं ओझं. बाल्सम फरला वास असा की डोळे मिटावेत, पण फांदी मऊ, मेणबत्ती वाकून पुढच्याला नमस्कार करते. आणि आपला जुना स्प्रूस तुला माहीतच आहे. तो फर नव्हेच. घरात आणल्या दिवसापासून सुया गाळत बसतो.

पण मी काय म्हणतो, घाई कशाला? यंदा फ्लेमिंगकडे जाऊन बघ की. त्याची खोली मोठी आहे, युट्टे बरी पोरगी आहे. झाड कुठेही असलं तरी झाडच. नाहीतर तुझ्या शेजारच्या वाल्बोर्गसारखं कुंडीतलं छोटं टेबलावर ठेव.

इथे कामाची झुंबड आहे. हाताला इतका चीक लागलाय की पेन सुटत नाही, म्हणून पत्र लांबलं असं समज.

तुझा,
आयनार


सोबी, २१ नोव्हेंबर

प्रिय आयनार,

कुंडीतल्या झाडाभोवती सहा माणसांनी हात धरून कसं फिरायचं ते मला काढून दाखव. वाल्बोर्ग त्या टेबलावरच्या झाडासमोर एकटी बसून गाणी म्हणते. मी तिला चोवीसला आपल्याकडे बोलावलं आहे, म्हणजे आम्ही सहा.

मी जातींचा विचार केला. नोबिलिस मला बंदरापासून घरापर्यंत ओढता येणार नाही, आणि एकटीने ओढायचं हीच तर अट आहे. बाल्समचा वास मला हवासा वाटतो. होल्गरने स्प्रूस सोडून नॉर्डमन आणायला सुरुवात केली, तेव्हापासून आमच्या नाताळला वासच राहिला नाही आणि मी त्याला ते दर वर्षी ऐकवायची. पण घरात मेणबत्त्या खऱ्या पेटतात, त्यांनी कुणाला नमस्कार केलेला मला चालणार नाही. म्हणजे नॉर्डमन.

मापं घेतली आहेत. छत दोन मीटर पाच. खोलीची रुंदी दोन मीटर सत्तर, त्यात शेगडी पन्नास सेंटिमीटर पुढे आलेली. सोफा बाहेर काढीन. आता एवढंच सांग, की होल्गर तुझ्याकडे येऊन झाड कसं निवडायचा? तो सांगायचा की सकाळपासून दुपारपर्यंत तुझ्या टेकडीवर फिरून शंभर झाडं नाकारायचा. नाकारताना तो काय बघत होता?

गुडरुन


स्वानिंगे, २८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

उशीर झाला, माफ कर. जर्मनीचे ट्रक लागले आहेत. चांगली नॉर्डमन बरीचशी आधीच बांधून झाली. उरलेल्यांतली तुझ्या खोलीजोगी सापडतील की नाही, शंका आहे. तेव्हा यंदा माझ्यावर फार विसंबू नकोस.

होल्गर काय बघायचा, हे मला नीट सांगता येणार नाही. ज्याची त्याची रीत. तो बराच वेळ स्वयंपाकघरात कॉफीच पीत बसायचा, एवढं आठवतं.

गुडघा ठणकतोय. इथे सकाळी गवतावर पांढरं दव पडायला लागलं आहे, तोडणीला ते चांगलं. थंडी लागल्याशिवाय तोडलेलं झाड सुया धरत नाही.

आयनार


सोबी, ३ डिसेंबर

आयनार,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

काल नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणून फ्लेमिंगचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "आई, आता ते झाडाचं राहू दे. आयनारकाकासुद्धा म्हणालाच की तो झाड पाठवणार नाही." म्हटलं, काका कधी म्हणाला? तर म्हणे बारा नोव्हेंबरला. म्हणजे माझं पहिलं पत्र तुझ्या हातात पडायच्या आधीच तुम्ही दोघांनी माझा निकाल लावून टाकला होता, आणि त्यानंतर तू मला दोन पत्रांत जाती समजावत बसलास. मी खोलीत गुडघ्यावर बसून टेपने मापं घेत होते, आणि तू मूग गिळून बसला होतास.

तू दोन दगडांवर पाय ठेवलास. मला वाईट वाटलं. होल्गर गेल्यावर त्याच्या वयाचं, त्याच्या घरचं, माझ्याशी बोलेल असं एक तूच उरला होतास. तूही मला सामान समजलास, इथून उचलून तिथे ठेवायचं.

झाड मी बंदरावरून घेईन. तुझी गरज नाही.

गुडरुन


स्वानिंगे, ५ डिसेंबर

वहिनी,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. फ्लेमिंग फोनवर रडत होता. म्हणाला, काका, ती शिडीवरून पडली तर चार दिवस कुणाला कळणार नाही. मी हो म्हणून बसलो. मग तुझं पत्र आलं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही आणि हो म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला बंदी आहे. एवढंच लिहितो.

आयनार


सोबी, १३ डिसेंबर

प्रिय आयनार,

ही लाज मी कुणाला तरी सांगायलाच हवी. वाल्बोर्गला सांगितली तर उद्या सकाळी बेकरीत पोचेल, म्हणून तुला.

शनिवारी बंदरावर झाडं आली. सगळ्यांत सुंदर नॉर्डमन मी घेतली. झाडवाला म्हणाला, "बाई, ही तर चर्चमध्ये शोभेल." मी फुगले. माझ्याकडेही नजर आहे, असं वाटलं. हातगाडीवर लादून एकटीने घरी आणली, वाटेत दोनदा थांबले. तीन दिवस शेडमध्ये ठेवली आणि मंगळवारी, मनाची खात्री करावी म्हणून, सोफा ढकलून बैठकीच्या खोलीत उभी केली. जाळी कापली. फांद्या हळूहळू खाली आल्या. येतच राहिल्या.

या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मीटर घेर आहे, आयनार. मी तिच्याभोवती फिरून बघायला गेले आणि शेगडी आणि झाड यांच्यामध्ये अडकले. स्कर्टला चीक, केसांत सुया, पुढे जाता येईना, मागे येता येईना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे नाचता येतंय पण अंगणच नाही. एवढ्या मेणबत्त्या पेटवून त्या जागेतून सिग्ने आणि यॅप्पेला फिरवायचं म्हणजे पोरांना जाळायचं. आणि फिरायचं नाही, तर मी हरले.

सोबीतलं प्रत्येक माणूस, झाड घेताना पहिल्यांदा भोवतीची वाट मोजतं. मी झाडाची उंची मोजली, खोलीची मोजली, आणि सुंदर दिसलं म्हणून घेर विसरले. चाळीस वर्षं दुसऱ्याने मोजलं, त्याचा हा परिणाम.

कडेने छाटू का? की फ्लेमिंगचं बरोबर आहे? मी काल त्या कागदावर सही कुठे करायची ते शोधून ठेवलं. अजून केलेली नाही.

होल्गरची झाडं या खोलीत कशी मावायची, तेवढं तरी सांग. तू बंदी म्हणालास. कुणाची बंदी? ज्याने घातली असेल तो इथे अडकलेला नाही, मी अडकले आहे.

गुडरुन


स्वानिंगे, १५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

छाटू नकोस. छाटलेलं टोक लपत नाही, झाड भादरलेल्या मेंढीसारखं दिसतं. आणि सही करू नकोस.

बंदी होल्गरची होती. चोवीस वर्षं मी ती पाळली आणि आज मोडतो आहे. तो असता तर चिडला असता, पण तो असता तर तुला हे विचारावंच लागलं नसतं.

होल्गरने माझ्या टेकडीवरचं एकही चांगलं झाड कधी नेलं नाही. शंभर झाडं नाकारणं वगैरे सगळी बात. तो यायचा, माझ्या बायकोच्या हातची कॉफी प्यायचा, आणि विचारायचा, "आयनार, यंदा सगळ्यांत वाईट कुठलं?" ओकच्या सावलीत खुरटलेलं, एका बाजूने टक्कल पडलेलं, काटकुळं असं एक झाड असायचंच. ते तो न्यायचा, आणि सोबत दहाबारा सुट्या फांद्या. मग कुलूप लावून तुमच्या खोलीत सुतारकाम. जिथे फांदी नाही तिथे गिरमिटाने खोडाला भोक पाडायचं, फांदीचं टोक चाकूने तासायचं आणि ठोकून बसवायचं. जहाजाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याचा सांधा कुणाला दिसणार? झाड काटकुळं म्हणून खोलीत मावायचं, आणि भोकं भरली म्हणून कुठे उणं दिसायचं नाही. तुला ठोकठोक ऐकू यायची ती झाडाचा लाकडी पाया ठोकण्याची नव्हती. आणि नाताळनंतर सुयांचा पसारा तुला नको म्हणून तो झाड स्वतः तोडायचा ना? तेही त्याचसाठी.

सुरुवात साठ साली झाली. कारखाना बंद होता, झाड घ्यायची ऐपत नव्हती आणि माझ्याकडून फुकट घ्यायला तो तयार नव्हता. फेकायचं होतं ते घेऊन गेला. फ्लेमिंग तेव्हा नऊ वर्षांचा. तो म्हणाला, बाबा, आपलं झाड गावात सगळ्यांत सुंदर आहे. झालं. त्यानंतर होल्गरला मागे फिरता येईना. त्याची फार इच्छा होती की पोराने तसंच समजावं. पहिल्या वर्षी स्प्रूस होता, खोचलेल्या फांदीच्या सुया कॉफी येईपर्यंत झडल्या. म्हणून नॉर्डमन, वहिनी. नॉर्डमनची फांदी खोडापासून तुटली तरी दोन आठवडे हिरवी राहते. वासासाठी तू त्याला तेवीस वर्षं बोल लावलेस आणि त्याने गपगुमान ऐकून घेतले.

आता अट तुझ्या निवडीची आहे, तर निवड तूच कर. माझ्याकडे तीन काटकुळी उभी आहेत. एक बाल्सम, सरळ, वास भरपूर, काही खोचायला नको, पण फांद्यांना मेणबत्ती झेपणार नाही. दुसरी नोबिलिस, दणकट, पण भरायची तर नोबिलिसनेच. तुझ्याकडच्या नॉर्डमनची फांदी तिच्यात पाटलोणीच्या ठिगळासारखी दिसेल. तिसरी नॉर्डमन, उंची एक पंच्याऐंशी, घेर जेमतेम नव्वद, एका बाजूला चार ठिकाणी मोकळी. विकायला काढली तर लोक मला हसतील.

आणि बंदरावरच्या त्या चर्चच्या झाडाला फांद्यांची कमी नाही.

मी येऊ का? फेरीबोटीने तासाभराचा तर प्रवास.

आयनार


सोबी, १७ डिसेंबर

प्रिय आयनार,

तिसरी. उद्याच्या फेरीने पाठव, जाळीत बांधून. तू येऊ नकोस. तू आलास तर फ्लेमिंग म्हणेल काकाने केलं, आणि त्याचं बरोबर असेल.

तुझं पत्र मी शेडमध्ये जाऊन वाचलं. आधी हसले, मग रडले, मग होल्गरवर इतकी चिडले की त्याचा रंधा खाली आपटला. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि माणूस मला एक भोक सांगू शकला नाही. मी हसले असते असं वाटलं का त्याला? हसलेच असते. पण मग त्याच्या मदतीला फांदी धरून उभी राहिले असते. बंद दाराबाहेर उभं राहण्यापेक्षा मला ते आवडलं असतं. हे त्याला आता सांगता येत नाही याचं फार वाईट वाटतं.

गिरमिट खिळ्याला टांगलेलं आहे, तेल लावून. पात्यात हिरवट चीक वाळलेला आहे. इतक्या वर्षांत मी ते शंभरदा पाहिलं असेल.

आता नीट लिही. कुठली फांदी घ्यायची, किती जाड, भोक किती खोल, कुठल्या कलाने. मला कोडी घालू नकोस.

गुडरुन


स्वानिंगे, १९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

झाड काल संध्याकाळच्या फेरीवर चढवलं.

मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्यांना हात लावू नकोस, त्या लांब असतात. वरून तिसऱ्या-चौथ्या थरातल्या घे, अंगठ्याएवढ्या जाड. भोक खोडाच्या मध्यापर्यंत, त्यापुढे नाही, नाहीतर खोड मोडेल. भोकाचा कल थोडा वरून खाली, आत उतरता, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने बसून राहते. टोक भोकापेक्षा कणभर जाड ठेव आणि लाकडी हातोडीने ठोक. एकाखाली एक अशी दोन भोकं पाडू नकोस.

मेणबत्ती फक्त झाडाच्या मूळच्या फांदीवर. खोचलेल्या फांदीवर कागदी हृदयं, झेंडे, हलकं काहीही. हे विसरू नकोस. दाराशी पाण्याची बादली ठेव.

शिडीवर चढताना वाल्बोर्गला ती धरायला बोलव. त्याने अट मोडत नाही.

आयनार


सोबी, २१ डिसेंबर

प्रिय आयनार,

वाल्बोर्गने शिडी धरली आणि दोन तास तोंड चालू ठेवलं. तिच्याकडून बायबलवर हात ठेवून शपथ घेतली आहे, तरी बेकरीचा भरवसा नाही.

पहिल्या दोन फांद्या वाया गेल्या, तिसरी सुटून तिच्या डोक्यावर पडली. चौथी बसली. ती बसली तेव्हा जो आवाज झाला, तो मी चोवीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आले आहे. अकरा फांद्या बसवल्या. हाताला फोड आलेत, खांदा उचलत नाही. मोठं झाड शेडमध्ये अर्धं बोडकं पडलं आहे.

भोवती फिरून पाहिलं. शेगडीजवळसुद्धा अडकले नाही. दाराला कुलूप लावलं आहे, किल्ली माझ्या खिशात.

गुडरुन


सोबी, २६ डिसेंबर

प्रिय आयनार,

तू फोन करशील म्हणून काल दिवसभर तो काढून ठेवला होता. हे सगळं नीट क्रमाने लिहायचं होतं.

चोवीसला दुपारच्या फेरीने सगळी आली, शेजारून वाल्बोर्गही आली. फ्लेमिंगने आल्या आल्या बैठकीच्या दाराची कडी हलवून बघितली, लहानपणी बघायचा तशी. भाजलेलं डुक्कर झालं, भाताची खीर झाली, तिच्यात दडवलेला बक्षिसाचा एकच बदाम यॅप्पेला मिळाला आणि त्याने तो गालात इतका वेळ लपवला की तो शोधत सगळ्यांनी दोनदा खीर घेतली. मग मी आत जाऊन बावीसच्या बावीस मेणबत्त्या पेटवल्या. दार उघडलं.

यॅप्पे म्हणाला, "आजोबांनी केलंय." युट्टेने तोंडावर हात ठेवला. फ्लेमिंग झाडाभोवती एक फेरी मारून आला, सावकाश, वरपासून खालपर्यंत बघत. मग म्हणाला, "आई, हे तू कुठे शोधलंस?" मी म्हटलं, आधी गाणं. हात धरा.

दोन गाणी झाली. तिसऱ्याला फेरी उलटी वळली, सिग्ने हसत सुटली आणि तिची बाही एका फांदीत अडकली. फांदी तिच्या हातात आली. अख्खी, लाल कागदी हृदयासकट. मेणबत्ती तिच्यावर नव्हती, तुझी कृपा. पोरगी पांढरीफटक पडली. तिला वाटलं, तिने झाड मोडलं.

फ्लेमिंगने ती फांदी घेतली. तासलेलं टोक बघितलं. मग वाकून खोडातलं भोक बघितलं, बोट घालून पाहिलं. सुताराचं पोर आहे, त्याला समजवावं लागलं नाही. "हे बाबांचं गिरमिट," म्हणाला. मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, "बाबा पण?" मी म्हटलं, "साठ सालापासून. दर वर्षी. सगळ्यांत वाईट झाड घेऊन."

मला वाटलं होतं, चिडेल. तो खुर्चीवर बसला आणि त्याला रडू कोसळलं, आयनार, लहान मुलासारखं. म्हणाला, "मी दर वर्षी तीन-तीन ठिकाणी फिरतो. अर्धा दिवस. आणि घरी आणल्यावर कळतं की बाबांच्यासारखं नाही. वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. मला वाटलं होतं, आई, तुलाही तसलं मिळणार नाही, तू खचून जाशील, आणि ते मला बघवणार नाही." युट्टे म्हणाली, "अरे, तू मला बारा वर्षांत हे कधी बोलला नाहीस." या घराण्यातले पुरुष कुणालाच काही बोलत नाहीत, हे मी तिला सांगून टाकलं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "फ्लेमिंग, तुझ्या बापाला चांगलं झाड कधी मिळालंच नाही. मिळालं त्याला तो भोकं पाडत बसायचा. तेवढं मलाही येतं, हे आता मला कळलं आहे. मी शिडीवर चढताना वाल्बोर्गला बोलावते. रोज सकाळी आठला तुला फोन करीन आणि तू माझं बोलणं ऐकून घेशील. केला नाही तर ये धावत. पण मी इथेच राहणार."

त्याने डोळे पुसले आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. फ्लॅटच्या कागदाची दुसरी प्रत त्याने बरोबर आणली होती. सही घेऊनच परत जायचं, असं ठरवून आला होता तो. माझ्याकडे बघून कागद परत खिशात ठेवायला लागला. मी तो ओढून घेतला, टेबलावर पसरला आणि मोठ्या अक्षरांत आडवं लिहिलं: फ्लॅट नको. मी माझ्या घरात राहते. खाली सही केली, तारीख घातली. म्हटलं, "सही हवी होती ना तुला? ही घे. सुट्टी संपली की पोस्टात टाक."

त्याने वाचलं, घडी घातली, "बरं" म्हणाला. या वेळी हसला नाही.

मग त्याने फांदी भोकात बसवली आणि तळहाताने ठोकली. मेणबत्त्या निम्म्याच उरल्या होत्या. यॅप्पे ओरडत होता की भेटवस्तू कधी. मी म्हटलं, अजून दोन गाणी बाकी आहेत, ती झाल्याशिवाय काही नाही. आम्ही सहाजणांनी पुन्हा हात धरले, आणि शेगडीजवळ जरा अंग चोरून, पण कुठे न थांबता, पूर्ण फेरी मारली.

तुझी,
गुडरुन